आईच्या वाट्याचे पाच बिट

आईचा निरोप आला की माणसाला काहीतरी कळायला हवं. ती काय खाते, झोप लागते का, सर्दी बरी झाली का, निदान एवढं तरी. पण कृत्तिका गलांडेला सात रविवारी आईचे सात निरोप आले, आणि सातव्या निरोपानंतर तिला आईबद्दल जेवढं माहीत होतं, तेवढंच ते पहिल्या निरोपाआधीही होतं. गुंजभरही जास्त नाही. निरोप खरे होते, आईनेच पाठवलेले होते, वाटेत त्यातलं काही सांडलंही नव्हतं. मग त्यांतलं सांगणं गेलं कुठे? अकरा वर्षांच्या मुलीला पडलेलं हे कोडं भल्याभल्यांनी डोकं खाजवावं असं होतं. ते सोडवताना तिला जे करावं लागलं, त्याला तर डोक्यापेक्षा छातीच जास्त लागली.

आधी आई कुठे होती ते सांगायला हवं. डॉ. सुनेत्रा गलांडे बर्फाचा अभ्यास करायची आणि बर्फ तिला जवळचा कधीच आवडला नाही. सहा जणांच्या तुकडीतली एक म्हणून ‘टिटवी’ नावाच्या यानातून ती थेट गुरू ग्रहाच्या कॅलिस्टो या उपग्रहावर (ग्रहाभोवती फिरणारा गोल, आपला चंद्र पृथ्वीचा उपग्रह आहे) जाऊन बसली होती. तिथून प्रकाशाला इथे यायला पाऊण तास लागतो, म्हणजे गप्पा मारायची सोय नाहीच. तरी सुरुवातीला आईची चित्रफीत यायची. दात घासता घासता ती बोलायची, फेस सांडायचा, आणि इकडे कृत्तिका पोट धरून हसायची. ती फीत ती दिवसातून चार वेळा बघायची आणि पाचव्यांदा बघताना रडायची.

मग एक दिवस तांदळाच्या दाण्याएवढा दगड टिटवीच्या मोठ्या तबकडीवर (संदेश धाडणारी आणि झेलणारी धातूची थाळी) येऊन आदळला. अवकाशात असे दगड इतक्या वेगाने फिरतात की दाणासुद्धा तोफेच्या गोळ्याचं काम करतो. तबकडी वाकडी झाली ती झालीच. उरली वीतभर लांबीची एक काडी. त्या काडीतून निघणारा आवाज पृथ्वीपर्यंत पोहोचताना इतका क्षीण व्हायचा की आकाशातल्या नेहमीच्या खरखरीत तो बुडून जायचा.

इकडून तिकडे बोलायला मात्र काहीच अडचण नव्हती. माण तालुक्यातल्या पाखरमाळावर, जिथे पाऊस कमी, माणसं कमी आणि आकाश स्वच्छ, तिथे शंभर मीटर रुंदीची थाळी उभी होती. ती इतक्या जोराने हाक मारायची की टिटवीच्या काडीलाही स्पष्ट ऐकू जायचं. थोडक्यात, पृथ्वीला ओरडता येत होतं आणि आईला फक्त कुजबुजता येत होतं.

त्या कुजबुजीतूनच यानाचा सगळा हालहवाल यायचा: हवा किती, वीज किती, कुठे काय बिघडलं. ते झाल्यावर प्रत्येकाच्या घरच्यांसाठी जे उरायचं, ते आठवड्याला पाच बिट. बिट म्हणजे माहितीचं सर्वांत लहान माप. एका ‘हो की नाही’चं उत्तर. शून्य किंवा एक, बस. पाच बिटांत ‘कृत्तिका’ हे नावसुद्धा लिहून होत नाही.

म्हणून मोहिमेच्या कार्यालयाने एक यादी केली. बत्तीस वाक्यं, प्रत्येकाला एक आकडा. यादीची एक प्रत यानात, एक घरी. आईने आकडा पाठवायचा, घरच्यांनी यादीत बघायचं. सात रविवार आईचा आकडा आला तो एकच: शून्य शून्य शून्य शून्य शून्य. यादीत त्यापुढे लिहिलं होतं, ‘मी ठीक आहे. काळजी नसावी.’

सातव्या रविवारी तोच आकडा पडद्यावर आला तेव्हा कृत्तिका आत्याआजीच्या शेजारी बसली होती. आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या, विमल. चाळीस वर्षं तिने पाखरमाळावर दूरचे संदेश ऐकण्यात घालवली होती. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी रविवारची पाळी तिने कुणाला दिली नव्हती. जिभेने तिखट, चहाने गोड आणि चुकीचा प्रश्न विचारला तर अजिबात न ऐकणारी अशी तिची ख्याती होती.

“आत्याआजी, आई माझ्यावर रागावलीये का?”

“का गं?”

“तेच तेच पाठवते. तिला मला काही सांगायचंच नाही.”

आत्याआजीने चष्मा वर सरकवला. हा प्रश्न बहुधा चुकीचा नव्हता. “ती यादी आण बघू इकडे. आणि मोठ्याने वाच.”

कृत्तिकाने वाचायला सुरुवात केली. “‘मी ठीक आहे. काळजी नसावी.’ ‘प्रकृती उत्तम आहे.’ ‘काम समाधानकारक चालू आहे.’ ‘सहकारी मनमिळाऊ आहेत.’ ‘भोजन रुचकर असते.’ ‘सणाच्या हार्दिक शुभेच्छा.’”

“पुरे. आता मला सांग, सांजच्याला काय खाणार? भाकरी का भाकरी?”

“भाकरी,” कृत्तिका म्हणाली आणि मग गोंधळली. “पण तू दुसरं काही विचारलंच नाहीस.”

“होय की. मग तू ‘भाकरी’ म्हणालीस त्यातनं मला काय कळलं? तुला भाकरी आवडते हे कळलं?”

“नाही. मी दुसरं काय म्हणणार होते?”

“झालं तर! उत्तर आलं, पण माहिती आली नाही. बोललेल्या शब्दाला वजन येतं ते न बोललेल्या शब्दांमुळे. भाकरी का भात असं विचारलं असतं आणि तू भाकरी म्हणाली असतीस, तर एक बिट कळला असता. ही यादी करणाऱ्यांनी तुझ्या आईला बत्तीस प्रकारच्या भाकऱ्या दिल्यात. तिने कुठलीही उचलली तरी ‘सगळं छान’ एवढंच होणार. शहाणी बाई आहे. पहिलीच उचलते आणि मोकळी होते.”

कृत्तिकाने यादीकडे पुन्हा पाहिलं. बत्तीस वाक्यांत एकही असं नव्हतं की जे वाचून कुणाच्या तोंडचं पाणी पळेल.

माळावरून घरी जाताना बाबांचा जनावरांचा दवाखाना लागायचा. त्या दिवशी कुणाची तरी मेंढरं टोचायला आणली होती. वाड्यात बरोबर बत्तीस, प्रत्येकीच्या कानात एक ते बत्तीसपैकी एका आकड्याचा बिल्ला. आत्याआजी कुंपणाला टेकून उभी राहिली.

“मनात एक मेंढी धर. मी पाच प्रश्नांत ओळखते. तू फक्त हो आणि नाही म्हणायचं.”

“पाचांत? बत्तीस मेंढ्या आहेत!”

“बिल्ला सोळाच्या वर?” “हो.” “चोवीसच्या वर?” “नाही.” “विसाच्या वर?” “हो.” “बावीसच्या वर?” “नाही.” “एकवीस?”

“नाही,” असं म्हणता म्हणताच कृत्तिकाला कळलं की आता लपायला जागा उरली नाही. बत्तिसाच्या सोळा, सोळाच्या आठ, आठाच्या चार, चाराच्या दोन, दोनाची एक. प्रत्येक उत्तराने कळप अर्धा होत होता. बावीस नंबरची मेंढी आपली शांतपणे रवंथ करत होती.

“बिट म्हणजे हे,” आत्याआजी म्हणाली. “अर्ध्या शक्यता पुसून टाकणारं उत्तर. पण त्यासाठी आधी वाड्यात निरनिराळ्या मेंढ्या पाहिजेत. भाषासुद्धा असंच करते. तुझी आई तुला जेवायला कशी बोलवायची?”

कृत्तिकाने जरा आठवून पाहिलं. “बऱ्याच तऱ्हांनी. नुसतंच ‘जेवायला ये’ म्हणायची. कधी ‘येतेस का गं जेवायला?’ आणि कधी ‘कृत्तिकाबाई, ताट वाढलंय, येण्याची कृपा करावी.’”

“तिन्हींचा अर्थ एकच की. मग तीन तऱ्हा कशाला?”

“एकच कसा? पहिलं नेहमीचं. दुसरं म्हणाली म्हणजे ती दमलेली असायची. आणि तिसरं म्हणजे मी दोनदा ऐकलेलं नसायचं, आता तिसऱ्यांदा धपाटा!”

“बघ! जेवायला बोलावणं हा निरोप एक, आणि तीन वाक्यांतनं कुठलं निवडलं हा निरोप दुसरा. माणसं एकच गोष्ट दहा तऱ्हांनी सांगू शकतात, म्हणून कुठली तऱ्हा निवडली त्यावरून मन कळतं. तुझ्या आईकडे आता ती दहा तऱ्हांची चैन नाही. पाच बिट आहेत फक्त.”

कृत्तिका पुढे चालू लागली. मग एकदम थांबली. “पण यादी आपण केली तर? आपल्याला वर हवं तेवढं पाठवता येतं ना?”

आत्याआजी हसली नाही, पण तिची चाल जरा हलकी झाली. मोहिमेच्या नियमांत तशी सोय होती. घरच्यांना स्वतःची बत्तीस वाक्यं पाठवता येत होती, गुरुवारी संध्याकाळपर्यंत. साही घरांतल्या कुणी ती वापरली नव्हती, कारण नियमांची पुस्तिका शेवटपर्यंत कुणी वाचलीच नव्हती.

सोमवार ते बुधवार कृत्तिका यादी करत होती. बुधवारी तिने ती दोन्ही हातांनी आत्याआजीसमोर धरली. पहिलं वाक्य होतं, ‘कृत्तिका, मला तुझी खूप आठवण येते.’ दुसरं, ‘मला तुझी सगळ्यात जास्त आठवण येते.’ तिसरं, ‘मी ठरल्या दिवशी नक्की येणार.’ चौथं, ‘इथे तुझ्याशिवाय मुळीच करमत नाही.’ बत्तिसाव्यापर्यंत हाच सूर होता.

आत्याआजीने यादी वाचली, घडी घातली आणि परत दिली. “भाकरी का भाकरी,” ती म्हणाली.

कृत्तिकाचे कान तापले. “काहीतरीच! त्या लोकांची यादी कोरडी होती. ही आमची आहे.”

“तूप लावलंस एवढंच. समज, आईला यायला उशीर होणार असेल, तर यातला कुठला आकडा ती पाठवेल?”

“उशीर कशाला होईल?”

“झाला तर म्हणते मी.”

“नाही होणार!” कृत्तिका ओरडली, आणि तिचा आवाज ऐकून बाबा हात पुसत घरातून बाहेर आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

“आत्या, पोरीकडनं असलं अभद्र काय लिहून घेतीस?” ते म्हणाले. “तोंडानं बोलू नये ते. वास्तू तथास्तु म्हणती.”

माणातल्या घराघरांत हे ऐकू येतं, आणि माणच कशाला, सगळ्या महाराष्ट्रात. घराला कान असतात, आपण वाईट बोललो आणि नेमकं त्याच क्षणी घर ‘तथास्तु’ म्हणालं तर ते खरं होतं, म्हणून बोलायचंच नाही. कार्यालयातल्या लोकांनी बत्तीस वाक्यं लिहिताना हाच विचार केला असणार. कृत्तिकानेही तेच केलं होतं. ज्याची भीती वाटते ते यादीत घातलं नाही की ते आईला म्हणता येणार नाही, आणि म्हणता आलं नाही की ते होणारही नाही!

आत्याआजीने आपला हात पुढे केला. मनगटावर दोन हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. “बांगडी फुटली की आपण काय म्हणतो गं?”

“वाढली म्हणतो.”

“का?”

“फुटली म्हणणं अशुभ असतं म्हणून.”

“बरोबर. भाषेने तिथे एक शब्द बाजूला ठेवला आणि दुसरा निवडला, माणसाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. चांगली रीत आहे ती, मीपण पाळते. पण बांगडी वाढली म्हटल्यावर तू काय करतेस? अनवाणी हिंडतेस का?”

“नाही. आधी काचा वेचते.”

“म्हणजे शब्द बदलला तरी बातमी पोहोचली. सौम्य शब्द वापर, गोड शब्द वापर, माझी हरकत नाही. पण बांगडीबद्दल बोलायचीच बंदी केली, तर कुणाचातरी पाय कापणार. तुझी आई तिकडे सात आठवडे काचांत उभी असेल, तर तिने ते सांगावं कसं?” मग तिने बाबांकडे पाहिलं. बाबा नजर चुकवून आत गेले.

कृत्तिका यादी घेऊन पायरीवर बसली. तिला आत्याआजीचा राग आला होता आणि राग आला तरी आत्याआजीचं म्हणणं पटत होतं, हा सगळ्यात वाईट प्रकार. तिने पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, की मला नेमकी कशाची भीती वाटते? उशिराची? हो, उशिराची वाटते. पण उशिराच्या मागे आणखी एक भीती दडून बसली होती, आणि ती तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. आईला तिकडेच आवडायला लागलं असेल तर? बर्फ, सोबतीला चांगली माणसं, आकाशात एवढा मोठा गुरू. इथे काय आहे? माळ, मेंढ्या आणि मी. आई यायला नको म्हणत असेल, आणि म्हणून गुळमुळीत आकडा पाठवत असेल तर?

तेच वाक्य तिने आधी लिहिलं. घराने तथास्तु म्हणू नये म्हणून ती पायरीवरून उठून अंगणात जाऊन ते लिहीत होती, हे तिने पुढे बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

एक वाक्य लिहिल्यावर बाकीची आपोआप सुचली, इतकी की बत्तिसांत मावेनात. तेव्हा तिला युक्ती सापडली. पूर्ण वाक्यांना आकडे कशाला द्यायचे? भाषा तरी कुठे प्रत्येक गोष्टीला नवं वाक्य पाठ करून ठेवते? थोडेसे तुकडे असतात, तेच निरनिराळे जोडले की हवं ते सांगता येतं. तिने पाच बिट तीन भागांत वाटले. पहिला बिट तब्येतीचा: शून्य म्हणजे बरी, एक म्हणजे बरी नाही. दुसरा परत येण्याचा: शून्य म्हणजे ठरल्या वेळी, एक म्हणजे उशिरा. उरलेले तीन बिट मनातल्या गोष्टीसाठी. तीन बिटांत आठ शक्यता मावतात, म्हणून तिने आठ लिहिल्या आणि त्यांना शून्य शून्य शून्यपासून एक एक एकपर्यंत ओळीने आकडे दिले:

कामात बुडालेय, दुसरं काही सुचत नाही.
आम्ही इथे खूप हसतो.
भीती वाटते.
कंटाळा आलाय.
इथे फार आवडतं, अजून राहावंसं वाटतं.
रडू येतं.
घराची स्वप्नं पडतात.
यातलं काहीच नाही, माझं निराळंच आहे.

आठवं वाक्य आत्याआजीने सुचवलं. यादी कितीही शहाण्याने केली तरी समोरच्याचं मन तिच्यात पुरतं मावेलच असं नाही, म्हणून एक दार उघडं ठेवायचं, असं तिचं म्हणणं. गुरुवारी दुपारी पाखरमाळावरच्या थाळीने ते पान वर पाठवलं. यादीखाली कृत्तिकाने एकच ओळ लिहिली होती. ‘आई, खरं असेल तेच पाठव.’

रविवारी सकाळी आठच्या आधी तिघंही माळावर हजर होती. पाच बिट यायला सबंध दिवस लागायचा. खरखरीतून आईचा सूर ओळखू यावा म्हणून टिटवी एकेक बिट दोन तास पुन्हा पुन्हा पाठवायची. डोंगरापलीकडच्या माणसाला आपण एकदा हाक मारून थांबत नाही, दहा वेळा मारतो, तसंच. मग इथलं यंत्र त्या सगळ्या हाका एकावर एक रचायचं आणि सांगायचं, शून्य की एक.

आठ वाजता पहिला बिट आला. शून्य. आई बरी होती. बाबांनी श्वास सोडला, आत्याआजीने चहा ओतला. बत्तिसांतल्या सोळा शक्यता पुसल्या गेल्या होत्या, आणि सगळ्या वाईट होत्या.

दहा वाजता पडद्यावर एक आला.

कृत्तिकाने कागद बघितलाच नाही, तिला तो पाठ होता. उशिरा. तिचा चेहरा पडला आणि तिने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं. कणभरही नव्हतं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

बाबांनी मान खाली घातली. “पाच आठवडे झाले. कार्यालयातनं कळवलं होतं. तबकडीच्या भानगडीत यान निघायची वेळ हुकली. पृथ्वी आणि गुरू पुन्हा तसेच समोरासमोर यायला तेरा महिने लागतात. तेरा महिने, किट्टू. मला तोंडातनं काढवेना.”

म्हणजे तो बिट दोघांना सारखा नव्हता. कृत्तिकाच्या डोक्यावर आभाळ कोसळलं आणि बाबांना त्यातून नवीन असं काही कळलंच नाही. जे आधीच ठाऊक आहे त्यात माहिती नसते. जेवढं अनपेक्षित, तेवढी माहिती जास्त. आत्याआजीने हे समजावून सांगायला तोंड उघडलं, नातीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. कृत्तिका बाबांच्या शर्टात तोंड खुपसून रडत होती, आणि काही गोष्टी न शिकवताच कळतात.

बारा वाजता एक. वरची चार वाक्यं गेली. काम नाही, हसणं नाही, भीती नाही, कंटाळा नाही.

दोन वाजता शून्य. खालची दोन गेली. कागदावर आता दोनच उरली. ‘इथे फार आवडतं, अजून राहावंसं वाटतं.’ आणि ‘रडू येतं.’

“आता कळलं का, एक बिट म्हणजे केवढा असतो ते?” आत्याआजी हळूच म्हणाली.

ते दोन तास तिला जन्मभर आठवणार होते. पहिला अर्धा तास ती मनातल्या मनात एकच म्हणत होती: एक येऊ दे, एक येऊ दे. एक म्हणजे रडू. मग ती चपापली. आपण काय मागतोय? आई इतक्या लांब, बर्फात, एकटी रडत असू दे म्हणून मागतोय? आपली आठवण यावी म्हणून? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. दात घासताना हसून फेस सांडणारी आई तिला आठवली. ती तिकडे तशीच हसत असेल, तिला तिथे आवडत असेल, तर वाईट काय आहे? मला दुखेल. पण तिला तर बरं वाटेल ना! घड्याळात साडेतीन झाले तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले आणि उलटं मागायला सुरुवात केली. शून्य येऊ दे. आईला तिथे आवडू दे. मी बघून घेईन माझं. चार वाजेपर्यंत ती तेच मागत राहिली.

चार वाजता पडद्यावर एक आला.

बरी आहे. उशिरा येईन. रडू येतं.

तीन तुकडे वेगवेगळे होते, पण शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांतून चौथंच काहीतरी दिसत होतं, आणि ते यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आई तिथे हौसेने राहत नव्हती. तिला घरी यायचं होतं आणि येता येत नव्हतं. सात आठवडे तिला हे रडू सांगायचं होतं, आणि बत्तीस वाक्यांत त्याला कुणी जागाच ठेवली नव्हती.

“मी मघाशी शून्य मागत होते,” कृत्तिका म्हणाली. तिचे गाल ओले होते. “खरंच मागत होते गं.”

“ठाऊक आहे मला,” आत्याआजी म्हणाली आणि तिने पदराने आपलाच चष्मा पुसायला घेतला.

बाबांनी संध्याकाळच्या आत बाकीच्या पाच घरांना फोन लावले आणि त्यांना स्वतःची यादी कशी करायची ते सांगितलं. अभद्र वाटतं तेच आधी लिहा, असं ते प्रत्येकाला बजावत होते. टिटवीवरची माणसं तबकडी सरळ करायला लागली होती. अर्धी जरी सरळ झाली तरी पाचाचे पाच हजार बिट होणार होते, पण ते काम काय किंवा तेरा महिने काय, एका रविवारी सरत नाहीत. तोवर दर रविवारी नवी यादी लागणार होती. पुढच्या यादीत मनातल्या गोष्टीसाठी चार बिट ठेवायचे, कृत्तिकाने ठरवून टाकलं.

पण ते पुढच्या आठवड्यासाठी. इकडून वर जाणाऱ्या पत्राला बिटांचं बंधन नव्हतं. तिने कोरं पान घेतलं. पहिल्यांदा तिला लिहावंसं वाटलं, ‘उशीर झाला तरी चालेल.’ बराच वेळ ती त्या शब्दांचा विचार करत बसली. मग तिने दुसरे निवडले.

‘आई, पोटभर रड. उशीर झालेला मला मुळीच चालणार नाही. पण मी थांबणार आहे.’